कृष्णाकाठचे राजे (भाग ७) : पन्हाळ्याचा भोज

अजिंक्यतारा, वैराटगड, वाईजवळचा पांडवगड, चंदन-वंदन, वासोटा. यातला कुठलाही गड कुणी बांधला म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं : पन्हाळ्याचा शिलाहार राजा भोज. १८८५च्या सातारा गॅझेटियरनंही तेच छापलं आणि पुढच्यांनी ते उतरवून घेतलं. आज दिसणारे तट-बुरूज मात्र बहुतेक बहमनी, आदिलशाही नाहीतर मराठी अमलातले. भोजाची खात्रीची ओळख हवी असेल तर गड उतरून ताम्रपट आणि शिलालेखांकडे जावं लागतं.

मागच्या भागात कराडच्या शिलाहार राजकन्या चंद्रलेखेचं कल्याणीच्या चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याशी झालेलं लग्न पाहिलं. शिलाहार तेव्हा चालुक्यांचे मांडलिक, पदवी महामंडलेश्वर. भोजाचा आजा गंडरादित्य यानं मिरज प्रांतात इरुकुडीला मोठा तलाव खोदवला आणि काठावर शिव, बुद्ध व जिन अशा तिघांचीही देवळं उभारली. बाप विजयादित्य पक्का राजकारणी. कलचुरी बिज्जलानं चालुक्यांचं राज्य बळकावलं, त्यात याचा हात होता.

भोज गादीवर आला तो ११७५च्या सुमारास. पंधरा-वीस वर्षांत कल्याणीचं साम्राज्य बुडालं, कलचुरीही गेले. देवगिरीचे यादव आणि दक्षिणेतले होयसळ उरलेल्या मुलखासाठी एकमेकांशी झुंजत होते. ही संधी भोजानं बरोबर साधली. राजाधिराज, परमभट्टारक, पश्चिमचक्रवर्ती अशा पदव्या त्यानं लावून घेतल्या.

याच सुमारास जर्मनीत सॅक्सनी आणि बव्हेरियाचा ड्यूक ‘सिंह’ हेन्री असाच वाढला होता. पण तिथं सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा खमका होता, ११८०मध्ये त्यानं हेन्रीच्या दोन्ही जहागिरी काढून घेतल्या. भोजाला जाब विचारायला वर कुणी उरलंच नव्हतं. तसा अडचणीत धावून येणाराही कुणी नव्हता, आणि माझ्या मते त्याच्या पदव्यांची खरी किंमत इथं कळते.

चक्रवर्तीचा कारभार कसा चाले? शके १११३चा, म्हणजे ११९१च्या सुमाराचा कशेळीचा ताम्रपट बघा. मुलगा गंडरादित्य विनंती करतो आणि राजा कोकणातलं कशेळी गाव दान देतो, कशासाठी, तर बारा ब्राह्मणांच्या जेवणासाठी. मुलाचं नाव भोजाच्या आज्याचंच, म्हणजे मुलाच्या पणजोबाचं. १२०५मध्ये आजऱ्याच्या जिनालयात सोमदेवानं ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ लिहिला, तोही याच भोजाच्या राज्यात.

शिलाहार स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. नागाला वाचवण्यासाठी गरुडापुढं स्वतःचा देह ठेवणारा तो हा जीमूतवाहन. घराण्याचं निशाण सोन्याचा गरुड. १२१२च्या आसपास यादव सिंघणानं पन्हाळा घेतला, आणि यादवांच्या प्रशस्तिकारानं नेमकं वर्मावर बोट ठेवलं : पन्हाळ्यात राहणाऱ्या भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा गरुड म्हणजे सिंघण! गरुडध्वजवाल्यांना त्यानं सापाच्या जागी नेऊन बसवलं.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात शके ११३६चा लेख आहे. त्यात देवाला दान देणारा राजा सिंघण आहे. म्हणजे तोवर मिरजेच्या पलीकडच्या कृष्णाकाठावरही यादवांचा अंमल बसला होता. पुढच्या आठवड्यात या सिंघणाकडे वळू.