लाल मातीतला तिसरा गट

पोलादपूर तालुक्यातले कुडपण शेलारमामांचे गाव म्हणून ओळखले जाते. पावसाळ्यात पाहुणे येतात ते धबधब्यांसाठी. असेंद्रिय रसायनशास्त्राच्या संदर्भात या गावाचे नाव कोणी घेत नाही. घ्यायला मात्र हवे. ज्या विषयाला 'निव्वळ पाठांतर' म्हणून कॉलेजातली मुले वैतागतात, त्याची मुळाक्षरे इथल्या डोंगरात उघडी पडली आहेत.

महाड-पोलादपूरकडची मुले मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला बसतात. मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण दुहेरी असते. शाळेतले 'क्षपण' आता 'रिडक्शन' झालेले असते आणि समोर शंभराहून अधिक मूलद्रव्यांचा तक्ता उभा असतो. मग अर्थ लागण्याआधीच घोकंपट्टी सुरू होते.

प्रयोगशाळेतले 'सॉल्ट ॲनालिसिस' घ्या. तिसऱ्या गटाच्या परीक्षेआधी द्रावणात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून उकळायचे. मग अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया घालायचा. लोह असेल तर तांबूस साका बसतो, ॲल्युमिनियम असेल तर पांढरा, जेलीसारखा. कॅल्शियम, मॅग्नेशियम द्रावणातच राहतात. एवढे लिहिले की गुण मिळतात. पण असे का घडते?

लोह आणि ॲल्युमिनियमच्या आयनांवर तीन-तीन धनप्रभार असतात आणि त्यांचा आकार लहान. ते पाण्यातल्या ऑक्सिजनला इतके घट्ट धरतात की हायड्रोजन सुटतो आणि हायड्रॉक्साइड खाली बसते. कॅल्शियम, मॅग्नेशियमवर दोनच प्रभार, त्यामुळे त्यांची पकड सैल. दोन प्रभारांचे लोहही इथे पुरते खाली बसत नाही. म्हणून नायट्रिक आम्ल त्याचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून घेते. यालाच ऑक्सिडीकरण म्हणायचे.

आता डोंगराकडे पाहा. इथला काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होते आणि ते खडक पोखरते. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातात, हळूहळू सिलिकाही जाते. लोहाचे ऑक्सिडीकरण हवेतला ऑक्सिजन करतो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम. कुडपणच्या वर, महाबळेश्वरच्या पठारावर दिसणारा तांबडा जांभा तो हाच. निघून गेलेला माल सावित्री नदी पोलादपूर, महाडवरून समुद्राला पोचवते. परीक्षानळीत पाच मिनिटांत होणारे काम पावसाने लाखो वर्षे केले आहे.

आवर्तसारणीचेही तसेच. मेंडेलीव्हने १८६९ साली ती मांडली आणि ॲल्युमिनियमच्या खाली येणाऱ्या, तेव्हा अज्ञात असलेल्या मूलद्रव्याचे गुणधर्म पुढच्या दोनच वर्षांत सांगून टाकले. १८७५ मध्ये ते सापडले, तेच गॅलियम. आज ते मुख्यतः बॉक्साइटमधून ॲल्युमिनियम काढताना मिळते. एका घरातली माणसे एकत्रच सापडायची!

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने म्हणूनच समीकरण पाठ करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: प्रभार किती, आकार केवढा? उत्तर मराठीत सुचले तरी बिघडत नाही. इंग्रजी शब्द सरावाने येतो. समज आधी आली, तर तो विसरतही नाही.