स्वयंपाकघरातील चिमणी : धूर जातो तरी कुठे?

चिमणी म्हटले की पूर्वी दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येत. एक अंगणात दाणे टिपणारी आणि दुसरी रॉकेलवर जळणारी. आता तिसरी चिमणी आली आहे. गॅसच्या शेगडीवर, भिंतीला टांगलेली, विजेवर चालणारी. शहरातच नव्हे तर तालुक्याच्या गावातील नव्या घरांतही ती दिसू लागली आहे. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना फ्रिजबरोबर तीही दाखवली जाते.

‘डॉक्टर, चिमणी बसवली की माझा खोकला थांबेल का?’ असे भगिनी दवाखान्यात विचारतात. काहीजणी उलट विचारतात, ‘घरात चिमणी आहे, तरी फोडणी घातली की सगळ्यांना ठसका का लागतो?’ दोघींनाही मी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या चिमणीतला धूर जातो कुठे?

कोणत्या कंपनीची चिमणी घ्यावी हे सांगणे डॉक्टरचे काम नाही. परंतु ती कशी बसवावी आणि कशी वापरावी याचा संबंध थेट फुप्फुसांशी आहे. म्हणून आज त्याविषयी.

धुरात असते काय?

मिरची तेलात पडली की ठसका लागतो, तो आपल्याला कळतो. परंतु जे कळत नाही ते अधिक त्रासदायक असते. तापलेल्या तेलातून अतिसूक्ष्म कण हवेत जातात. केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही ते बारीक असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा कणांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम इतकी ठरवली. बंद स्वयंपाकघरात पुऱ्या तळताना हे प्रमाण त्याच्या कित्येक पट होते.

दुसरी गोष्ट म्हणजे जळणारा गॅस. ज्योत स्वच्छ निळी असली तरी तिच्यातून नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू तयार होतो. दमेकऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या श्वासनलिकांना तो झोंबतो. ज्योत पिवळी होऊन भांड्याला काजळी धरू लागली तर गॅस नीट जळत नाही असे समजावे. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही अधिक तयार होतो. बर्नर साफ करून घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात उच्च तापमानाला तळताना निघणाऱ्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. याचा अर्थ भजी खाणाऱ्याने किंवा तळणाऱ्याने घाबरून जावे असा नाही. पण तळणीचा धूर वर्षानुवर्षे छातीत घेऊ नये, एवढा बोध जरूर घ्यावा.

साध्या धुराड्याचा चमत्कार

चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तेथील बायका सिगारेट जवळजवळ ओढत नसत. तरीही फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण तेथे देशात सर्वांत जास्त असलेल्या भागांत मोडत होते. कारण घरात होते. घरातच उघड्या खड्ड्यात भरपूर धूर करणारा दगडी कोळसा जाळून स्वयंपाक होत असे, आणि त्या धुराला बाहेर जायला वाट नव्हती. पुढे अनेक घरांनी धुराडे असलेल्या शेगड्या बसवल्या. एकवीस हजारांवर शेतकऱ्यांच्या माहितीचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. धुराडे बसवलेल्या घरांत पुरुषांमधील या कर्करोगाचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी आणि स्त्रियांमधील सुमारे ४६ टक्क्यांनी कमी आढळला. हा फरक दिसू लागायला मात्र दहा वर्षे लागली.

कोळसा तोच, माणसे तीच. धूर तेवढा घराबाहेर गेला. आपल्याकडे गॅस आहे, त्यामुळे धोका तेवढा नाही. पण तत्त्व तेच आहे.

चिमणी दोन प्रकारची

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिल्या प्रकारात यंत्र हवा ओढते आणि पाइपमधून घराबाहेर सोडते. दुसऱ्या प्रकारात पाइप नसतोच. हवा कोळशाच्या जाळीतून गाळली जाते आणि पुन्हा स्वयंपाकघरातच सोडली जाते. त्यामुळे वास आणि तेलकटपणा थोडा कमी होतो. पण नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ जिथल्या तिथेच राहतात. ही कोळशाची जाळी धुऊन पुन्हा वापरता येत नाही, ठराविक काळाने बदलावी लागते. ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

आरोग्यासाठी चिमणी घ्यायची असेल तर पहिल्याच प्रकारची घ्यावी. पाइप बाहेर काढणे शक्य नसेल किंवा खर्च झेपत नसेल, तर शेगडीजवळच्या भिंतीत उंचावर एक चांगला एक्झॉस्ट पंखा बसवावा. हवा घरातच फिरवणाऱ्या महागड्या यंत्रापेक्षा ती बाहेर फेकणारा साधा पंखा अधिक उपयोगी आहे.

हवा बाहेर गेली, आत कोठून येणार?

हा मुद्दा दुकानदार क्वचितच सांगतो. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच स्वयंपाकघरात सुमारे २३ घनमीटर हवा मावते. चिमणीच्या डब्यावर ताशी १००० घनमीटर असे लिहिलेले असेल तर ती तासाला चाळीसहून अधिक वेळा खोली रिकामी करू पाहते. पाइपच्या वळणांमुळे प्रत्यक्षात हे काम निम्म्यावर आले तरी वीस वेळा. एवढी हवा आत यायला हवी ना? खिडक्या-दारे घट्ट लावून चिमणी चालवली तर आवाज तेवढा होतो, धूर मात्र नीट ओढला जात नाही. शिवाय हवा जिथून मिळेल तिथून ओढली जाते. मोरीच्या जाळीतून आणि गॅस गीझरच्या धुराच्या पाइपमधूनसुद्धा.

एका थंडीत एक आई आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी माझ्याकडे आल्या. दोघींचे सकाळी डोके दुखे, मळमळे. मुलीला तर एकदा न्हाणीघरात भोवळ आली होती. वडिलांना काहीच त्रास नव्हता. रक्तदाब, हिमोग्लोबिन सारे ठीक. विचारता विचारता कळले की वडील पहाटे, स्वयंपाक सुरू होण्यापूर्वी अंघोळ करून कामावर जात. मुलगी मात्र आई डबा करत असताना अंघोळीला जाई. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर शेजारी शेजारी. थंडीमुळे खिडक्या बंद, चिमणी जोरात आणि न्हाणीघरात गॅस गीझर. गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा घरात येत होता. गीझर बंद ठेवायला सांगितला. तो पुढे मेकॅनिककडून बाहेर गॅलरीत बसवून घेतला आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहू लागली. डोकेदुखी थांबली. त्या दोघी वेळेवर आल्या, सगळेच येतात असे नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसते. ते ९८ दाखवत असले तरी माणूस गुदमरत असू शकतो. घरातील एकाहून अधिक जणांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळ, चक्कर, गुंगी आली आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर या वायूची शंका घ्यावी. गीझर, शेगडी बंद करावी, दारे उघडावी, रुग्णाला बाहेर आणावे. गुंगी असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा रुग्णाला इस्पितळात प्राणवायू द्यावा लागतो.

म्हणून चिमणी चालू असताना एक खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. ते शेगडीच्या समोरच्या बाजूचे असावे. शेगडीला लागून असलेली खिडकी उघडली तर वाऱ्याने धूर इकडेतिकडे पसरतो आणि ज्योतही विझू शकते. गॅस गीझर मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद न्हाणीघरात नसावा.

बसवताना

१. शेगडी आणि चिमणी यांत किती अंतर हवे ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. गॅससाठी ते साधारणपणे २६ ते ३० इंच असते. कमी ठेवले तर आगीचा धोका, जास्त ठेवले तर धूर बाजूने निसटतो.

२. चिमणीची रुंदी शेगडीपेक्षा कमी नसावी.

३. पाइप शक्यतो धातूचा, आखूड आणि कमीत कमी वळणांचा असावा. तो मध्येच अरुंद करू नये.

४. पाइपचे तोंड खरोखर मोकळ्या हवेत उघडावे. माळ्यावर, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत किंवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली नव्हे. तोंडाला झडप आणि जाळी असावी, नाहीतर या चिमणीत खरी चिमणी घरटे करते.

५. विजेचा सॉकेट तीन पिनांचा, अर्थिंग असलेला हवा. भिंतीवरील बटण अशा जागी असावे की शेगडीवरून हात न नेता ते बंद करता येईल.

६. चिमणी वजनदार असते. भिंत पक्की आहे ना, हे बसवणाऱ्याकडून पाहून घ्यावे.

वापरताना

चिमणी धूर झाल्यावर नव्हे, तर शेगडी पेटवण्यापूर्वी दोन-चार मिनिटे सुरू करावी आणि स्वयंपाक संपल्यावर दहा मिनिटे चालू ठेवावी. तळण, फोडणी, मिरच्या भाजणे ही कामे मागच्या बर्नरवर करावी. तेथील धूर चिमणीत चांगला ओढला जातो. दमेकरी, तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या वेळी स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. आवाज होतो म्हणून चिमणी बंद ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. बंद चिमणीचा फुप्फुसांना काहीही उपयोग नाही.

सफाई

जाळीत साचलेले तेल म्हणजे शेगडीवर टांगलेले इंधनच. बारीक जाळी असेल तर एक-दोन आठवड्यांनी आणि पट्ट्यांची जाळी असेल तर महिन्याने धुवावी. आपोआप साफ होणाऱ्या चिमणीतही तेलाची वाटी भरते, ती रिकामी करावी. पाइप वर्षातून एकदा तपासून घ्यावा.

सफाईपूर्वी पिन काढावी आणि जाळी गार होऊ द्यावी. गरम पाणी व भांड्यांचा साबण पुरेसा असतो. कॉस्टिक सोडा वापरू नये. त्याने कातडी आणि डोळे भाजतात, आणि ॲल्युमिनियमची जाळीही खराब होते. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. आणि कृपा करून ओट्यावर चढू नये. तेलकट ओट्यावरून घसरून मनगट मोडलेल्या भगिनी मी पाहिल्या आहेत. पक्की शिडी घ्यावी आणि घरातील पुरुषांनीही हे काम करावे.

दोन प्रसंगी चिमणीला हात लावू नये

गॅसचा वास आला तर पुष्कळांचा हात पहिल्यांदा चिमणीच्या बटणाकडे जातो. हे अत्यंत धोक्याचे आहे. स्वयंपाकाचा सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, चिमणी असते वर. बटणाच्या ठिणगीने मात्र स्फोट होऊ शकतो. कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, सर्वांनी बाहेर जावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

कढईतील तेल पेटले तर पाणी ओतू नये, कढई उचलू नये. शेगडी बंद करावी आणि कढईवर झाकण किंवा मोठे ताट सरकवावे. चिमणी चालू असेल तर ज्वाळा पाइपमध्ये ओढल्या जातात, म्हणून ती बंद करावी. पण ज्वाळांवरून हात नेऊन नव्हे, भिंतीवरच्या बटणाने. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे नळाचे पाणी सोडावे.

चूल असलेल्या घरांसाठी

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून गॅस खेडोपाडी पोचला. तरीही पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच. चुलीवर विजेची चिमणी बसवू नये, ठिणग्यांनी आतले तेल पेटते. चुलीला धुराडेच हवे आणि तेही छपराच्या वर काढलेले. जन्मात कधी बिडी ओढली नाही, पण छाती मात्र बिडी ओढणाऱ्यासारखी झालेली, अशा आजीबाई आमच्या दवाखान्यात नेहमी येतात.

शेवटी एक सूचना. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर धुरावर ढकलून स्वस्थ बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावी.

आणि आपली चिमणी नीट चालते का, हे घरीच पाहता येते. शेगडी बंद असताना चिमणी सुरू करावी. उदबत्ती पेटवून शेगडीच्या कडेला धरावी. धुराची रेघ सरळ वर ओढली गेली तर ठीक. ती खोलीत पसरली तर समोरची खिडकी उघडून पुन्हा पाहावे. खिडकी उघडल्यावर रेघ सरळ झाली, तर तुमच्या घरात काय कमी होते ते कळलेच. तरीही झाली नाही, तर मेकॅनिकला बोलावून जाळी आणि पाइप तपासून घ्यावा.