उत्तरेकडून उतरत गेलेला देश

पोर्तुगालच्या नकाशावर मोठी शहरे शोधायची तर डाव्या कडेवरून बोट फिरवले तरी पुरते. अटलांटिकच्या काठाने पोर्टो, आवेरो, लिस्बन, सेतूबाल अशी ती एकाखाली एक सापडतात. किंचित आत ब्रागा आणि कोइंब्रा. उजवीकडे, स्पेनच्या बाजूला, नकाशा विरळ होत जातो. देश तसा लहान. क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. आणि माणसे एक कोटीच्या थोडी वर, एकट्या मुंबईत राहतात त्याहून कमी. शेजारी एकच, स्पेन. त्याच्याशी असलेली सीमा १२९७ च्या तहाने ठरली आणि किरकोळ फरक सोडता तिथेच राहिली.

ही शहरे कोणत्या क्रमाने समजून घ्यायची, ते इतिहासानेच ठरवून ठेवले आहे. राज्य उत्तरेत जन्मले आणि मूर सत्ताधीशांकडून मुलूख घेत दक्षिणेकडे सरकले. दरबारही त्याच्या मागोमाग खाली उतरला: आधी गिमाराइंश, मग कोइंब्रा, शेवटी लिस्बन.

गिमाराइंशच्या जुन्या तटावर ‘पोर्तुगाल इथे जन्मला’ अशा अर्थाची ठळक अक्षरे आहेत. ११२८ मध्ये या गावाजवळ साउं मामेद येथे अफोन्सो हेन्रिक्स या तरुणाने स्वतःच्या आईच्या फौजेचा पराभव केला. राष्ट्राच्या स्थापनेची कथा म्हणून ही जरा अडचणीचीच. पण पोर्तुगीज माणूस ती अभिमानाने सांगतो. ११३९ पासून अफोन्सो स्वतःला राजा म्हणवू लागला. पोपची मान्यता यायला मात्र ११७९ उजाडले.

गिमाराइंशहून ब्रागा अगदी जवळ. रोमनांचे ‘ब्राकारा ऑगस्टा’ ते हेच, आणि आर्चबिशपचे पीठही जुने. एखादी गोष्ट फारच पुरातन आहे असे सांगायचे तर पोर्तुगीज लोक ती ‘ब्रागाच्या कॅथीड्रलपेक्षा म्हातारी’ असल्याचे म्हणतात. शहराबाहेरच्या टेकडीवर बोम जेझुशचे मंदिर आहे (जुन्या गोव्यातल्या बासिलिकेचे नाव तेच) आणि तिथवर नागमोडी जिना चढत जातो. पायऱ्या नको असतील त्यांच्यासाठी १८८२ पासून पाण्यावर चालणारी रेल्वे आहे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो वजनाने खाली उतरतो आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर ओढला जातो. खाली आल्यावर पाणी सोडून द्यायचे. इंजिन नाही, वीज नाही.

शहरांच्या स्वभावाबद्दल देशात एक बोलणे रूढ आहे: लिस्बन मौज करते, पोर्टो राबते, कोइंब्रा शिकते आणि ब्रागा प्रार्थना करते. लिस्बनकरांना ते फारसे आवडत नसावे. पोर्टोत मात्र खुशीने ऐकवले जाते.

पोर्टो म्हणजे बंदर. दोरू नदीच्या मुखाशी असलेल्या ‘पोर्तुश काले’ या जुन्या नावातूनच देशाचे नाव घडले. इथल्या लोकांना ‘त्रिपेइरू’, म्हणजे आतडी खाणारे, असे म्हणतात. १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या स्युतावर स्वारी निघाली, तेव्हा शहराने सगळे चांगले मांस गलबतांवर चढवले आणि स्वतःसाठी वझडी ठेवली, अशी त्यामागची दंतकथा. वझडी आणि पांढऱ्या घेवड्याचा रस्सा आजही इथला मानाचा पदार्थ आहे. या स्वारीत असलेला राजपुत्र हेन्री, ज्याला पुढे ‘दर्यावर्दी’ म्हटले गेले, तोही १३९४ मध्ये पोर्टोतच जन्मला.

शहराचे नाव जगभर पोचवले ते दारूने. दोरूच्या वरच्या खोऱ्यात, दगडी बांध घातलेल्या उतारांवर द्राक्षे पिकतात. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांची कडक दारू मिसळून आंबणे थांबवतात, म्हणून पोर्ट वाइन गोड राहते आणि तिचा अंमलही जास्त. फ्रान्सशी लढाया चालू असताना इंग्लंडला दुसरीकडची वाइन हवी होती. १७०३ च्या करारानंतर पोर्तुगीज मालावर तिथे कमी जकात पडू लागली आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी इथे बस्तान बसवले. भेसळ वाढली तेव्हा १७५६ मध्ये सरकारने लागवडीच्या प्रदेशाची हद्दच आखून दिली. गंमत अशी की पिंपांच्या वखारी पोर्टोत नाहीतच. त्या नदीपलीकडे, विला नोव्हा द गाया या वेगळ्या शहरात आहेत. दोन्ही काठांना जोडणारा १८८६ चा दुमजली लोखंडी पूल आजही दोन्ही मजल्यांनी वापरात आहे. साउं बेंतू रेल्वे स्थानकाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये इतिहासातले प्रसंग रंगवले आहेत. ते जॉर्ज कोलासो याचे काम. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात ज्यांच्या नजरा भिंतीवर खिळल्या असतील, त्यांना हा हात ओळखीचा वाटेल; तिथल्या टाइल्सही त्याच्याच.

दक्षिणेला आवेरो लागते: खाजण, मिठागरे आणि रंगीत नाळीच्या होड्या. पूर्वी या होड्या खाजणातले शेवाळ खतासाठी गोळा करत. आता पर्यटक वाहतात.

मोंदेगो नदीवरचे कोइंब्रा १२५५ पर्यंत राजधानी होते. राजधानीपद गेले आणि विद्यापीठ आले. खरे तर विद्यापीठ १२९० मध्ये लिस्बनला सुरू झाले होते. दोन शहरांत बरीच ये-जा करून १५३७ मध्ये कोइंब्रात कायमचे स्थिरावले. विद्यार्थी अजूनही समारंभांना काळे डगले घालतात. अठराव्या शतकातल्या जुआनिना ग्रंथालयात वटवाघळांची वस्ती आहे आणि तिला कोणी हुसकावत नाही, कारण पुस्तके खाणारे किडे ती रात्री फस्त करतात. संध्याकाळी मेजांवर चामड्याची आच्छादने घालायची आणि सकाळी लेंड्या झाडायच्या, एवढाच तिचा खर्च. पुढे देशावर दीर्घकाळ हुकूमत गाजवणारा सालाझार याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत असे.

लिस्बन तेजो नदीच्या रुंद मुखावर, टेकड्यांवर वसले आहे. ११४७ मध्ये अफोन्सोने, वाटेत थांबलेल्या धर्मयोद्ध्यांच्या मदतीने, ते जिंकले. आज शहरात सुमारे ५.५ लाख लोक आहेत, पण भोवतालच्या महानगरात २८ लाखांहून अधिक, म्हणजे देशाच्या चौथाईपेक्षा जास्त. पश्चिमेकडच्या बेलें या भागातून वास्को द गामाची गलबते ८ जुलै १४९७ रोजी हिंदुस्थानच्या शोधात निघाली. तिथला जेरोनिमुश मठ मसाल्यांच्या व्यापारावर बसवलेल्या कराने उभा राहिला. मलबारच्या मिरीचा पैसा दगडात उतरलेला पाहायचा असेल तर तो इथे. वास्कोची कबरही त्याच मठात आहे.

पण आजचे लिस्बन समजायला १ नोव्हेंबर १७५५ ही तारीख हवी. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्चे भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला. जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले, तर समुद्राच्या प्रचंड लाटा आत शिरल्या. उरले ते अनेक दिवस चाललेल्या आगीने घेतले. हजारो माणसे मेली. नदीकाठचा राजवाडा आणि त्याबरोबर हिंदुस्थानच्या व्यापाराचे बहुतेक दप्तर नष्ट झाले. राजा जुझेने तर पुढे दगडी छपराखाली राहण्याचीच धास्ती घेतली आणि दरबार लाकडी घरांत हलवला.

पुनर्बांधणीचे काम पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने हाती घेतले. त्याने प्रत्येक पॅरिशला प्रश्नावली पाठवली: हादरे किती वेळ बसले, विहिरींच्या पाण्याचे काय झाले, समुद्र आधी ओसरला की चढला. भूकंपशास्त्राचा इतिहास सांगणारे या प्रश्नावलीपाशी हमखास थांबतात. ‘बाइशा’ हा सखल भाग सरळ, काटकोनी रस्त्यांचा आखला गेला आणि घरांच्या भिंतींत तिरक्या लाकडी पट्ट्यांचा पिंजरा बसवण्यात आला, म्हणजे दगड पडला तरी सांगाडा उभा राहील. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला, असे सांगतात. शेजारच्या टेकडीवरचा आल्फामा मात्र बराचसा वाचला. तिथल्या गल्ल्या अजून मूरांच्या काळासारख्याच वाकड्या आहेत. बाइशातून आल्फामात पाऊल टाकले की दोन शतके सहज बदलतात.

तेजोवरच्या झुलत्या पुलाला १९६६ मध्ये सालाझारचे नाव दिले होते. हुकूमशाही उलथवणाऱ्या २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला त्या तारखेचेच नाव मिळाले. याच शहराचे महापौरपद सांभाळून २०१५ मध्ये पंतप्रधान झालेले अंतोनियो कोश्ता यांचे वडील मडगावच्या घराण्यातले.

लिस्बनजवळचे सिंत्रा राजवाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तालुक्यात साडेतीन लाखांवर लोक असूनही ते कागदोपत्री अजून ‘विला’, म्हणजे शहराखालच्या पायरीवरचे गाव आहे. गोव्याचा गव्हर्नर झालेल्या जुआंव द काश्त्रू याच्या इथल्या वाडीत सोमनाथहून नेलेला तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख पोचला. अभ्यासक त्याला ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणतात.

तेजोच्या दक्षिणेला बुचाच्या झाडांचा अलेंतेजो सुरू होतो. एव्होरात रोमन मंदिराचे खांब आणि मानवी हाडांनी मढवलेले प्रार्थनागृह आहे. संगमरवराच्या खाणींतले विला व्हिसोझा प्रवासवर्णनांत फारसे येत नाही, पण मुंबईकराने तिथे थांबावे: १६६१ च्या विवाहकरारात जिच्याबरोबर मुंबई इंग्रजांना आंदण गेली, ती कॅथरिन १६३८ मध्ये इथल्याच राजवाड्यात जन्मली. आणखी खाली आल्गार्व, अरबी ‘अल-घर्ब’ म्हणजे पश्चिम. आता तिथे पुळणी आणि हॉटेले आहेत; त्याच किनाऱ्यावरच्या लागोस बंदरात १४४४ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची विक्री झाली होती.

उजव्या कडेवरची ब्रागांसा आणि गुआर्दा ही गावे सीमेवर पहारा द्यायला वसली. तरुण किनाऱ्याकडे आणि परदेशी गेल्याने हा पट्टा ओस पडत चालला आहे.

उरली बेटे. मदैराचे फुंशाल बडीशेपेच्या जातीच्या झुडपावरून ओळखले जाते. अझोर्समधले आंग्रा हे हिंदुस्थानातून परतणाऱ्या गलबतांचे शेवटचे विसाव्याचे बंदर होते. वास्को द गामाचा भाऊ पाउलो १४९९ मध्ये घरी परतताना तिथेच वारला आणि तिथेच पुरला गेला. १ जानेवारी १९८० च्या भूकंपात आंग्राचा मोठा भाग कोसळला. रहिवाशांनी तो जुन्या आखणीवरच पुन्हा बांधला आणि १९८३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.