बांधिलकी मोजायची कशानं?

केडगावला काही शिक्षकांबरोबर तापमान आणि उष्णता यांतल्या फरकावर बोलत होतो. चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, "सर, नवरा-बायकोतली बांधिलकी मोजता येते का हो?" माझा विषय पदार्थविज्ञान. पण प्रश्न मोजमापाचा होता, त्यामुळे राहवलं नाही.

पटकन सुचणारी मोजपट्टी म्हणजे संसार किती टिकला. 2011 च्या जनगणनेत विवाह झालेल्या दर हजार व्यक्तींमागे घटस्फोटित दोन-तीनच होत्या. विभक्त मात्र सुमारे सहा. म्हणजे नुसते घटस्फोट मोजले, तर मोडलेली बहुतेक नाती निसटतात. शिवाय टिकलेली सगळी नाती सारखी असतात का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरिल रझबुल्ट यांनी 1980 च्या सुमारास हाच प्रश्न हाती घेतला. पाऱ्याच्या लांबीवरून आपण ताप ओळखतो, तशी बांधिलकीही अप्रत्यक्षच मोजावी लागते. त्यांच्या मते ती तीन गोष्टींवर ठरते : नात्यातलं समाधान, नात्याबाहेर असलेले पर्याय आणि नात्यात गुंतलेलं सारं, म्हणजे वर्षं, मुलं, घर, सोयरेधायरे. समाधान आणि गुंतवणूक वाढली की बांधिलकी वाढते. चांगले पर्याय असले की घटते. 1998 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान किती पटतं, ते 0 ते 8 या अंकांत सांगायचं. 2003 मध्ये 52 अभ्यास एकत्र तपासले गेले. माणसामाणसांच्या बांधिलकीत जो फरक दिसतो, त्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश या तीन घटकांनी उलगडला. मानसशास्त्रात हे थोडं नाही.

पण या आकड्याची दुसरी बाजूही आहे. 1995 मध्ये रझबुल्ट आणि मार्ट्झ यांनी मारहाणीमुळे आधारगृहात आलेल्या स्त्रिया अभ्यासल्या. ज्यांना कमाईचे पर्याय कमी आणि ज्यांची गुंतवणूक जास्त, त्यांची बांधिलकी अधिक भरली. त्याच जोडीदाराकडे परतण्याकडे त्यांचा कलही अधिक होता. म्हणजे 'बांधिलकी जास्त' याचा अर्थ 'सुखी' असा नव्हे.

आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीकडचे ऊसतोड कामगार पाहा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचलही जोडीवरच मिळते. उचल फिटेपर्यंत जोडी फुटणं परवडत नाही. मायकेल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञानं राहावंसं वाटणं, राहायला हवं असं वाटणं आणि राहणं भाग पडणं, असे बांधिलकीचे तीन प्रकार वेगळे केले, ते इथं उपयोगी पडतात.

आम्ही गंमत म्हणून प्रश्नावली मराठीत आणू लागलो आणि 'पर्याय' या शब्दावर अडलो. दुसरं कोणी आवडेल का, असं केडगावात विचारलं तर उत्तराऐवजी दारच बंद होईल! (मूळ प्रश्नावलीतही पर्याय म्हणजे केवळ दुसरा जोडीदार नव्हे, मित्रमंडळी किंवा एकटं राहणंही त्यात येतं.) बाईंनी सुचवलं, "माहेरी किती दिवस राहता येईल, असं विचारा. आणि सातबाऱ्यावर नाव आहे का, तेही."

मला हे मूळ शब्दांपेक्षा चांगलं वाटलं. मात्र दोघांनी उत्तरं वेगवेगळी, एकमेकांना न दाखवता द्यायला हवीत. एका खोलीच्या बिऱ्हाडात ते कसं जमवायचं, यावर चहा संपेपर्यंत वाद चालू होता.