क्लीन आला, मॅडम!

मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या बायोमेडिकलचं प्रॅक्टिकल सुरू आहे. संगणक ओळीने मांडलेत आणि खोलीभर स्पिरिटचा वास आहे. प्रोग्रॅमिंगच्या तासाला हा दवाखान्याचा वास कशाला, या कुतूहलापोटीच पाहुणा आत शिरतो. लॅबचे मामा कापसाचे बोळे वाटतात. मुलं एकमेकांची मनगटं पुसतात, जेल लावून चिमटे बसवतात. उजव्या हाताला लाल, डाव्याला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला काळा. लॅपटॉप बॅटरीवरच चालवायचे. कुणी चार्जर लावला की मामा न बोलता तो उपटतात.

प्रोग्रॅम इथे लिहायचा नसतो, काढायचा असतो. लॅबव्ह्यू हे सॉफ्टवेअर ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने १९८६ मध्ये मॅकिंतॉशसाठी आणलं. त्यात एका खिडकीत बटणं आणि आलेख, तर दुसरीत चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या तारा दिसतात. नारिंगी तारेतून दशांश आकडे जातात, निळीतून पूर्णांक आणि हिरवीतून हो-नाही. चौकोनाला हवं ते सगळं त्याच्यापर्यंत पोचलं की तो चालतो, मग तो पडद्यावर वर असो की खाली. सर्किटं जोडून हात बसलेल्या मुलांना हे चटकन उमगतं. वरच्या पट्टीतला दिवा लावला की तारांमधून ठिपके सरकू लागतात आणि सिग्नल कुठे अडला ते डोळ्यांना दिसतं. सी शिकताना रडकुंडीला आलेली मुलं इथे हसत असतात.

मॅडमना या हसण्याचीच धास्ती वाटते.

पडद्यावर पहिल्यांदा जे येतं त्याला ईसीजी म्हणायला धीर लागतो. हृदयाचा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा. त्यावर भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण चढलेली असते आणि श्वासागणिक सगळी रेघ वर-खाली डुलत असते. एक मुलगा फिल्टरचा चौकोन ओढून आणतो, खालची मर्यादा २ हर्ट्झ टाकतो. डुलणं थांबतं.

‘क्लीन आला, मॅडम!’

‘क्लीन आला की धुऊन निघाला?’

त्याच प्रोग्रॅममध्ये त्या जतन केलेली एक नोंद उघडतात. ती हार्ट ॲटॅकच्या रुग्णाची आहे. उंच टोक संपल्यावर पुढची लाट सुरू होईपर्यंतचा जो सपाट तुकडा, तो एसटी. या नोंदीत तो ठळक वर उचललेला आहे. मॅडम एकाच तारेला दोन फाटे फोडतात. वरच्या फिल्टरला ०.०५, खालच्याला मुलाने टाकलेले २. वरच्या आलेखात एसटी उचललेलाच राहतो; खालच्या आलेखात तो उतरून जवळजवळ मूळ रेघेला टेकतो. रेघ देखणी झाली आणि आजार पुसला गेला. पोरांचं हसू तिथे आटोपतं.

‘पॉइंट झीरो फाइव्ह,’ मॅडम म्हणतात आणि तासभर म्हणतच राहतात. निदानासाठीच्या ईसीजीत साध्या फिल्टरची खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ असावी, अशी अमेरिकन हार्ट असोसिएशनची शिफारस आहे. ०.०५ हर्ट्झ म्हणजे वीस सेकंदांत एक हेलकावा. एसटी हा सिग्नलचा संथ भाग. मर्यादा वर सरकवली की आधी तोच बळी जातो.

एक मुलगी विचारते, मग श्वासाचं डुलणं घालवायचं कसं? नोंद पूर्ण हातात असेल तर फिल्टर एकदा पुढून आणि एकदा मागून चालवायचा; म्हणजे तुकडे आपापल्या जागेवरून हलत नाहीत. अशा फिल्टरला तीच शिफारस ०.६७ पर्यंत सूट देते. पण समोर चालू असलेल्या सिग्नलवर ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही, कारण पुढचे ठोके अजून पडायचेच असतात.

नुसते ठोके मोजायचे असतील तर प्रश्नच वेगळा. पॅन आणि टॉम्पकिन्स यांच्या १९८५ च्या पद्धतीत ५ ते १५ हर्ट्झचा पट्टाच तेवढा ठेवतात, एसटी जाणूनबुजून टाकून देतात. बोस्टनच्या एमआयटी-बीआयएच संग्रहातल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदींवर त्यांनी ९९.३ टक्के ठोके अचूक पकडले होते. मुलं ही पद्धत झटपट जोडतात. वर्ग करण्याचा चौकोन, सरासरीचा चौकोन, झालं.

चौकोन ओढणं इतकं सोपं आहे की आत काय चाललंय हे न विचारताही प्रॅक्टिकल पार पडतं. जर्नलमध्ये सुबक आलेख चिकटवला की टर्मवर्कचे गुणही पडतात, ही खरी गोम. म्हणून मॅडमनी आपल्या बॅचपुरता एक नियम केलाय: आलेखाखाली फिल्टरचे आकडे नसतील तर सही नाही. दवाखान्यातल्या ईसीजीच्या कागदावरही ते कडेला बारीक अक्षरात छापलेले असतात.

एक मुलगा मोबाइलमध्ये आजोबांचा ईसीजी काढतो, बोटांनी मोठा करतो. ‘मॅडम, यावर पॉइंट फाइव्ह ते फॉर्टी आहे.’

‘मग एसटीबद्दल आपण काही बोलायचं नाही. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा तो कोपरा त्यांना दाखव,’ असं म्हणून मॅडम पुढच्या टेबलाकडे वळतात. तिथे कुणीतरी पुन्हा चार्जर लावलेला असतो.