सामायिक कळफलक आज्ञावली आणि निद्रिस्त संगणक

एकाच कळफलकाने व माउसने शेजारी ठेवलेले अनेक संगणक नेटवर्कमार्गे चालवण्याची सोय करणाऱ्या आज्ञावलीस सामायिक कळफलक आज्ञावली म्हणतात. सिनर्जी, बॅरियर, इनपुट लीप व माउस विदाउट बॉर्डर्स ही तिची परिचित उदाहरणे होत. माउसचा बाण एका पडद्याच्या कडेपलीकडे नेला की तो शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर अवतरतो. मात्र तो संगणक निद्रावस्थेत गेला असल्यास बाण कडेवरच अडतो आणि कितीही कळा दाबल्या तरी संगणक जागा होत नाही. हा सहसा आज्ञावलीतील दोष नसतो. निद्रावस्थेचे स्वरूपच त्यास कारणीभूत असते.

पार्श्वभूमी

या प्रकारची एक आरंभीची आज्ञावली, कॉस्मोसिनर्जी, १९९६ साली सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत तयार झाली. तिच्याच कल्पनेवर ख्रिस शोनमन यांनी २००१ मध्ये सिनर्जी नव्याने लिहिली. बॅरियर ही सिनर्जीची, तर इनपुट लीप ही बॅरियरची शाखा आहे. या आज्ञावल्यांत ज्या संगणकाला कळफलक प्रत्यक्ष जोडलेला असतो त्यास सर्व्हर व इतरांना क्लायंट म्हणतात. क्लायंट स्वतःहून सर्व्हरशी टीसीपी जोडणी करतो. त्यासाठी सामान्यतः २४८०० क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते.

कळ दाबूनही संगणक का उठत नाही

संगणकाला थेट जोडलेला यूएसबी कळफलक त्याला झोपेतून उठवू शकतो, कारण झोपेतही त्या पोर्टला अल्प वीजपुरवठा चालू ठेवता येतो व कळफलकाचा संकेत थेट यंत्रसामग्री ओळखते. सामायिक आज्ञावलीत कळ दाबल्याची घटना विद्युत संकेत म्हणून पोहोचत नाही; ती नेटवर्कवरून जाणारा एक संदेश असते. तो संदेश वाचणारी आज्ञावली झोपलेल्या संगणकावरच असते. एसीपीआय मानकातील एस-३ या निद्रावस्थेत केवळ स्मृतीला वीज मिळत राहते, प्रक्रियक बंद असतो. साहजिकच संदेश वाचायला तेथे कोणीही जागे नसते आणि काही वेळाने सर्व्हर ती जोडणी तुटल्याचे मानतो.

केवळ पडदा काळा झाला असेल तर गोष्ट निराळी. तेथे प्रक्रियक चालू असतो, आज्ञावली संदेश स्वीकारते व बहुधा पडदा उजळतो. या दोन अवस्था बाहेरून सारख्याच दिसतात. ‘कधी उठतो, कधी उठत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बरेचदा येथेच असते.

जादुई पॅकेट

झोपलेल्या संगणकाला नेटवर्कवरून उठवण्याचे काम नेटवर्क कार्डाकडे सोपवावे लागते. या पद्धतीस वेक-ऑन-लॅन म्हणतात. तिच्यातील ‘मॅजिक पॅकेट’ एएमडी व ह्युलेट-पॅकार्ड यांनी १९९५ च्या सुमारास विकसित केले. नाव भारदस्त असले तरी रचना अगदी साधी आहे: आरंभी २५५ या मूल्याचे ६ बाइट आणि त्यानंतर संबंधित कार्डाचा ६ बाइटांचा मॅक पत्ता सलग १६ वेळा, असे एकूण १०२ बाइट. झोपेतही जागे राहिलेले कार्ड येणाऱ्या पॅकेटांत एवढाच क्रम शोधते आणि तो सापडताच मदरबोर्डला जागे होण्याचा संकेत देते.

हे पॅकेट स्थानिक नेटवर्कवर सर्वांना उद्देशून पाठवले जाते, कारण झोपलेला संगणक आयपी पत्त्याच्या चौकशीला उत्तर देईलच असे नाही. राउटर असे सर्वोद्देशी पॅकेट सहसा पुढे जाऊ देत नाहीत. म्हणून दुसऱ्या नेटवर्कवरील संगणक अशा रीतीने उठवणे अवघड जाते.

प्रत्यक्ष वापर

प्रथम क्लायंट संगणकाच्या बायोसमध्ये व ऑपरेटिंग सिस्टीममधील नेटवर्क कार्डाच्या मांडणीत ही सोय सुरू करावी लागते. लिनक्सवर ‘ईथटूल’ या आज्ञेने, तर मॅकवर ऊर्जाविषयक पर्यायांतून ते करता येते. त्यानंतर सर्व्हरवरून वेक-ऑन-लॅनच्या स्वतंत्र साधनाने पॅकेट पाठवले जाते. संगणक उठल्यावर क्लायंट आज्ञावली पुन्हा जोडणी करते. तोवर काही सेकंद बाण कडेवर अडलेला दिसतो. विंडोजमध्ये संकेतशब्दाच्या पडद्यावरही कळफलक चालावा यासाठी आज्ञावली सेवा म्हणून चालू असणे आवश्यक असते, नाहीतर संगणक उठूनही त्यात शिरता येत नाही.

तारेची जोडणी याबाबत सर्वांत विश्वासार्ह ठरते. वाय-फायवर ही सोय कार्ड व चालक आज्ञावली यांवर अवलंबून असते आणि अनेक लॅपटॉपमध्ये ती मिळतच नाही. अशा वेळी बरेच जण क्लायंटची निद्रावस्था कायमची बंद करतात. उपाय सोपा आहे, पण संगणक रात्रंदिवस वीज खात राहतो. त्यापेक्षा केवळ कामाच्या वेळेपुरती झोप रोखणे बरे. मॅकवरील ‘कॅफिनेट’ ही आज्ञा त्याच कामाची आहे.

मॅजिक पॅकेटात सामान्यतः कोणतीही ओळखतपासणी नसते. मॅक पत्ता ठाऊक असलेला त्याच नेटवर्कवरील कोणीही संगणक उठवू शकतो. त्यामुळे जागे होताच संकेतशब्द मागण्याची व्यवस्था बंद करणे धोक्याचे ठरते.