टक्स गेले कुठे?

प्रिन्सेस कट ब्लाउज उलटसुलट करून पाहिला तरी त्यावर टक्स सापडत नाही. साध्या ब्लाउजला कमरेकडून, मुंढ्याकडून, बगलेखालून असे तीन-चार टक्स असतात. इथे मात्र खांद्यावरून किंवा मुंढ्यातून निघालेली शिवण छातीवरून वळसा घेत थेट खाली उतरते. तरीही ब्लाउज अंगावर चपखल बसतो. मग टक्सचं काम करतं कोण?

एक गोल कागद घ्या. पोळीच्या चतकोरासारखी फाक त्यातून कापून कडा जोडल्या की शंकू तयार होतो. फाक कुठूनही कापा, शंकू तोच. जोड तेवढा जागा बदलतो. उंची ठरते ती फाकेच्या कोनावर. टक्स म्हणजे अशीच फाक, फक्त कापून टाकण्याऐवजी दुमडून शिवलेली. उभार जास्त, तर कोन मोठा. खांद्याचा टक्स मिटवून मुंढ्यात उघडला, तर कोन नाहीसा होत नाही, फिरतो.

ही फाक टाळता येत नाही, याचं कारण जर्मन गणितज्ञ गाउसने 1827 मध्ये मांडलं. कागदाची नळी सहज होते, पण चेंडूला गुंडाळताना चुण्या पडतातच. न ताणता, न फाडता सपाट पृष्ठभागाचा गोल होत नाही. कापड कागदाहून थोडं मवाळ. रशियन गणितज्ञ चेबिशेव यांनी 1878 मध्ये पॅरिसला चक्क कपड्यांच्या बेतणीवर व्याख्यान दिलं. उभे-आडवे धागे ताणले जात नाहीत, मात्र त्यांच्यातला काटकोन तिरका होऊ शकतो, हे त्यांचं गृहीतक. त्यामुळे थोडा गोलावा कापड स्वतःच सांभाळतं. उरलेला कात्रीला सांभाळावा लागतो.

प्रिन्सेस कटमध्ये वरचा आणि खालचा टक्स छातीच्या टोकाशी जोडून त्या रेषेवर कापड आरपार कापतात. फाका शिवणीत दडतात. शिवाय टक्स एका बिंदूपाशी संपत असल्याने तिथे टोक येण्याची भीती असते; शिवण तोच गोलावा लांबीभर पसरवते. 1870च्या दशकात पॅरिसचे चार्ल्स फ्रेडरिक वर्थ यांनी कमरेला जोड नसलेल्या पोशाखांत हा घाट रूढ केला. प्रिन्सेस ऑफ वेल्स अलेक्झांड्रा यांच्यावरून त्याला नाव मिळालं, असं सांगतात.

शिवायला बसलं की नवशिक्याची तारांबळ उडते. बाजूच्या तुकड्याची कड बाहेर फुगलेली, मधल्याची जवळपास सरळ. एकमेकींवर ठेवल्या तर जुळतच नाहीत. जुळवायची असते ती कापलेली कड नव्हे, शिलाईची रेषा. मधल्या तुकड्यावर त्या रेषेलगत मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात, एक टीप मारावी आणि टिपेपर्यंत बारीक खाचा द्याव्यात, म्हणजे कड पसरते. बाजूचा तुकडा किंचित लांब भरतो. ती लांबी छातीच्या भागात टाचण्यांनी वाटून घ्यावी. इस्त्री करताना घट्ट गुंडाळलेला टॉवेल खाली घ्यावा. सपाट टेबलावर केली तर कमावलेला गोलावा चेपतो.

फिटिंगमधली चूक सुरकुत्याच दाखवतात. त्या छातीकडे ओढल्या गेल्या, तर फाकेचा कोन कमी पडलाय. बाजूच्या तुकड्याचा फुगवटा वाढवावा. मुंढ्यापाशी झोळ आला, तर तेवढं कापड शिवणीतच चिमटून घ्यावं. फुगवटा वाढवायला माया लागते, म्हणून भारी कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर कच्चा ब्लाउज शिवून पाहावा आणि त्या शिवणींना पूर्ण एक इंच माया सोडावी.